तरुणांचा ताप-खोकला: तपासायचं कसं, चाचणी कधी, आणि फसगत कुठे होते

नाकासमोर

पावसाळा सुरू झाला की ओपीडीत निम्मी गर्दी खोकल्याचीच. हा धागा फक्त १८ ते ४० वयाच्या, एरवी धडधाकट माणसांबद्दल आहे. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि जुना दमा यांची गणितं वेगळी, ती इथे नकोत. घरी बसून औषध ठरवण्यासाठीही हा धागा नाही.

या वयात बहुतेकांना साधा विषाणूसंसर्ग असतो. एखाद्यालाच न्यूमोनिया असतो, आणि त्याचं शरीर इतकं सोसतं की तो स्वतःच्या पायांनी चालत येतो, हसून बोलतो आणि रात्री अतिदक्षता विभागात जातो. म्हणून "दिसायला बरा आहे" या वाक्याला या वयात फार किंमत देऊ नये. आकडे मोजावेत.

पहिला आकडा दिवसांचा. आज आजाराचा कितवा दिवस? "चार-पाच दिवस झाले" हे उत्तर चालत नाही. कामावर शेवटचं नीट गेलात तो वार कोणता, असं विचारलं की नेमका दिवस कळतो. साधी सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात असते आणि सात ते दहा दिवसांत ओसरते. फ्लू संसर्गानंतर एक ते चार दिवसांनी उठतो, पण उठला की काही तासांत आडवा करतो. खोकला मात्र चिवट. साध्या श्वासनलिकादाहात तो सरासरी १८ दिवस टिकतो, आणि रुग्णाची अपेक्षा आठवड्याची असते. आठव्या दिवशी अँटिबायोटिक लिहून घेतलं जातं ते बहुतेकदा या तफावतीमुळे.

दिवस ओळीत मांडले की वळण दिसतं. पाचव्या दिवशी बरं वाटलं आणि सातव्या दिवशी हुडहुडी भरून ताप परत आला, तर फ्लूनंतरचा जिवाणूजन्य न्यूमोनिया डोक्यात हवा. अशा वेळी न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या नेहमीच्या जिवाणूबरोबर स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जिवाणूचाही विचार करावा लागतो. तो तरुणांनाही झपाट्याने खाली आणतो.

दुसरा आकडा श्वासाचा. पूर्ण ६० सेकंद मोजायचा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. मोजतोय हे रुग्णाला कळलं की श्वास बदलतो, म्हणून मनगट धरून ठेवायचं, नाडी बघतोय असं वाटू द्यायचं आणि नजर छाती-पोटावर ठेवायची. केसपेपरवर सगळ्यांचाच श्वास १८ किंवा २० लिहिलेला असतो. तो कोणी मोजलेला नसतो, हे आपण सगळे जाणतो.

नाडी १०० च्या आत, श्वास २४ च्या आत, तोंडातला ताप १००.४ फॅरनहाइटच्या आत आणि छाती ऐकताना एका जागी वेगळं काही नाही, अशा चारही गोष्टी जुळल्या तर धडधाकट तरुणात न्यूमोनियाची शक्यता इतकी कमी होते की एक्स-रे सहसा लागत नाही. एकच पळवाट लक्षात ठेवायची: शेवटची पॅरासिटामॉल किती वाजता घेतली? दोन तासांपूर्वी घेतली असेल तर तो ताप "नाही" धरता येत नाही.

गवतीचहा

चांगला धागा. नाडीबद्दल भर घालतो. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडी ढोबळमानाने दहाने वाढते. ३९ अंशांना नाडी १०५ असेल तर समजण्यासारखं आहे. ३८ ला १३५ असेल तर ताप हे कारण पुरत नाही. मग शरीरातलं पाणी कमी झालंय का, सेप्सिस (संसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडणं) आहे का, आणि विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे का, हे बघायला हवं. या शेवटच्या शक्यतेत तरुण मुलं "फ्लूनंतर जिना चढवत नाही" एवढंच सांगतात. ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात.

प्रश्न असा: श्वास २८ आणि ऑक्सिमीटरवर ९७. अशा रुग्णाला घरी पाठवणारे बरेच आहेत. तुमचं मत?

नाकासमोर

गवतीचहा, पाठवू नये. ऑक्सिजनचा आलेख वरच्या टोकाला सपाट असतो. रक्तातला प्राणवायूचा दाब बराच उतरला तरी आकडा ९७ चा ९५ होतो, एवढंच. ९० च्या आसपास उतार सुरू होतो आणि मग घसरगुंडीच. मधल्या काळात शरीर श्वास वाढवून तो आकडा धरून ठेवतं. त्यामुळे ९७ हा आकडा त्या २८ श्वासांच्या जोरावर आलेला असतो.

वेगाने आणि खोल श्वास, छाती स्वच्छ, ऑक्सिजन उत्तम, असं दिसलं तर एकदा ग्लुकोमीटर लावा. तरुणात पहिल्यांदाच उघड होणारा मधुमेह, कीटोॲसिडोसिससकट (रक्तात आम्ल साचणं), "दम लागतोय" म्हणून येऊ शकतो. साधा संसर्गसुद्धा त्याला निमित्त होतो.

रक्तपेशी

ऑक्सिमीटरच्या वापराबद्दल, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. रुग्ण पाच मिनिटं बसलेला हवा. हात गार असेल तर चोळून गरम करा. नेलपॉलिश काढा. बोटांवर काळी मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या, नाहीतर कानाची पाळी. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. यंत्र दाखवतं ती नाडी आणि तुम्ही मोजलेली नाडी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही खोटा समजा. यंत्राची चूक दोन-तीन टक्के असतेच, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर ते थोडा जास्तच आकडा दाखवतं. ९४ आला तर "काठावर पास" म्हणून सोडून देण्यासारखा तो नाही.

२०२१ मध्ये महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने घरच्या घरी सहा मिनिटं चालण्याची चाचणी लोकांपर्यंत नेली होती. चालल्यावर ऑक्सिजन ३ टक्क्यांपेक्षा जास्त उतरला किंवा ९३ च्या खाली गेला तर दवाखाना गाठायचा. ती कोविडपुरतीच होती असं समजून विसरून जाऊ नये. बसून ९७ आणि चालून ९१ हा नमुना प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना होणाऱ्या न्यूमोसिस्टिस न्यूमोनियातही दिसतो. तीन-चार आठवड्यांचा कोरडा खोकला, एक्स-रे जवळपास कोरा, जिभेवर-टाळ्यावर पांढरे थर असतील तर एचआयव्ही तपासणी करायलाच हवी. बसूनच ९४ च्या खाली असलेल्या किंवा बोलताना धाप लागणाऱ्या माणसाला मात्र चालवू नका. त्याचं उत्तर मिळालेलंच आहे.

पडजीभ

कान-नाक-घसा बघणाऱ्यांच्या बाजूने लिहितो.

घसादुखीत सेंटर नावाच्या डॉक्टरांचे निकष १९८१ पासून वापरात आहेत: ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा थर, गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, आणि खोकला नसणे. प्रत्येकाला एक गुण. शेवटचा निकष लोक विसरतात. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर तो घसा विषाणूचा. शून्य किंवा एक गुण असेल तर तपासणीही नको आणि अँटिबायोटिकही नको. चारपैकी चार मिळाले तरी स्ट्रेप्टोकॉकस (अँटिबायोटिक लागणारा घशातला जिवाणू) निघतो तो निम्म्याच लोकांत, म्हणून दोनच्या पुढे शक्य असेल तिथे स्वॅब. स्वॅब दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर फिरवायचा. जीभ, गाल, दात यांना लागला तर फेकून नवा घ्या.

घसा बघताना चार गोष्टी चुकू नयेत.

तोंड उघडत नाही, बोलणं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं, पडजीभ एका बाजूला ढकललेली: टॉन्सिलमागे पू. गोळ्यांनी वेळ घालवू नका, पू काढावा लागतो.

राखाडी, चिवट पापुद्रा टॉन्सिल सोडून टाळ्यावर किंवा पडजिभेवर सरकलेला, सोडवायला गेलं की रक्त, ताप मध्यम पण माणूस गळून गेलेला, मान बैलासारखी सुजलेली: घटसर्प. लहानपणीच्या लशीचा जोर वयाबरोबर ओसरतो, त्यामुळे मोठ्यांनाही होतो. पापुद्र्याच्या कडेखालून स्वॅब घ्यायचा, पण अँटिटॉक्सिनसाठी (जंतूचं विष मारणारं औषध) अहवालाची वाट बघायची नाही. पेशीत शिरलेलं विष त्याने बाहेर येत नाही, म्हणून एकेक तास मोलाचा. पुढचे दोन आठवडे ईसीजीवर नजर.

मानेच्या मागच्या बाजूला गाठी, प्रचंड थकवा, पापण्या सुजलेल्या, डाव्या बरगडीखाली प्लीहा हाताला लागते: एपस्टीन-बार विषाणूचा ग्रंथीज्वर. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच नकळत होऊन जातो, तरी कॉलेजच्या वयात अधूनमधून सापडतो. याला अमॉक्सिसिलिन दिलं की बऱ्याचदा अंगभर पुरळ येतं आणि कायमचा "पेनिसिलिनची ॲलर्जी" असा शिक्का बसतो. पहिल्या आठवड्यात मोनोस्पॉट ही त्याची रक्तचाचणी चारपैकी एकात खोटी नकारार्थी येऊ शकते. स्मिअरवर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) १० टक्क्यांहून जास्त वेगळ्या दिसणाऱ्या लिम्फोसाइट पेशी ही चांगली खूण. कबड्डी, कुस्ती किमान तीन आठवडे बंद, प्लीहा फुटू शकते. नव्या एचआयव्ही संसर्गाचं चित्रही हुबेहूब असंच असतं.

चौथी गोष्ट दुर्मिळ, पण नेमकी याच वयाची. घसा बरा होत आलाय, आणि चौथ्या ते सातव्या दिवशी थंडी वाजून ताप, मानेच्या एकाच बाजूला स्नायूच्या कडेने दुखणं, नंतर छातीत दुखून खोकला. गळ्यातल्या मोठ्या शिरेत गुठळी होऊन संसर्ग फुप्फुसात उडालेला असतो. लेमिएर म्हणतात याला. मानेची सोनोग्राफी करा.

तळटीप

पडजीभ, माहिती उत्तम, पण एका मुद्द्यावर असहमत. सेंटरचे निकष बनले अमेरिकेत. आपल्याकडे स्ट्रेप्टोकॉकसच्या घशानंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेले रुग्ण अजून येतात. अशा देशात तीन गुण असताना पेनिसिलिन रोखून धरणं मला धोक्याचं वाटतं. छोट्या गावात जलद स्ट्रेप चाचणी मिळत नाही हेही खरंच.

पडजीभ

तळटीप, मुद्दा रास्त आहे, पण घाई करायला तो पुरत नाही. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तरी संधिवाताचा ताप टळतो. म्हणजे कल्चरचे (स्वॅबमधले जंतू वाढवून बघणं) दोन दिवस परवडतात. पहिला झटका बहुतेक ५ ते १५ वयात येतो, तिशीनंतर क्वचित. तरी घरात झडपेचा रुग्ण आहे, किंवा याच माणसाला आधी सांधे सुजून ताप आला होता, तर मीही थांबणार नाही. द्यायचं तर पुरतं द्या: पेनिसिलिनच्या गोळ्या पूर्ण दहा दिवस, नाहीतर ॲलर्जी विचारून बेंझाथिनचं १२ लाख युनिटचं एक इंजेक्शन. तीन दिवस अमॉक्सिसिलिन देऊन "बघू" म्हणणं कामाचं नाही.

आणि कृपा करून दुखऱ्या घशात एएसओ (स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धची रक्तातली प्रतिपिंडं) तपासू नका. ती वाढायला एक ते तीन आठवडे लागतात. आज वाढलेली दिसली तर ती मागच्या कधीच्या तरी संसर्गाची.

तळटीप

नऊ दिवसांची मुदत मान्य. माझा आक्षेप मग चाचणी न मिळणाऱ्या गावांपुरता उरतो.

उजेडअंधार

एक्स-रेवाल्याचे चार शब्द.

फिल्म हातात आली की आधी श्वास पुरता घेतला होता का ते मोजा: मागच्या ९-१० बरगड्या किंवा पुढच्या ५-६ बरगड्या छाती-पोटामधल्या पडद्याच्या वर दिसायला हव्यात. अर्ध्या श्वासातली फिल्म तळाशी खोटा न्यूमोनिया दाखवते. मग लपायच्या जागा: हृदयाच्या मागे, पडद्याच्या घुमटाखाली, गळपट्टीच्या हाडामागे, फुप्फुसांच्या मुळांजवळ. हृदयाची उजवी कड पुसली गेली तर न्यूमोनिया फुप्फुसाच्या उजव्या मधल्या खंडात. डावा पडदा हृदयामागे दिसेनासा झाला तर डाव्या खालच्या खंडात, आणि हाच सर्वांत जास्त निसटतो.

पहिल्या दिवसाचा एक्स-रे कोरा असू शकतो. श्वास ३०, एका जागी करकर, आणि फिल्म कोरी, तर उपचार रुग्णाकडे बघून ठरवा आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा काढा. याची उलट बाजू मायकोप्लाझ्मा या जंतूच्या न्यूमोनियात: छातीत फारसं ऐकू येत नाही, माणूस हिंडतोय, आणि एक्स-रे बघून आपणच दचकतो.

उंच, सडपातळ मुलगा, खोकता खोकता एकदम एका बाजूला कळ आणि दम, तर श्वास पूर्ण बाहेर सोडायच्या नादी न लागता साधा उभा एक्स-रे घ्या आणि फुप्फुसाची कड शोधा. फुप्फुसाबाहेर, छातीच्या पोकळीत हवा भरलेली असते. न्यूमोनिया समजून ती नजरेआड होते, कारण शोधणारा पांढरं शोधत असतो.

सीटी: २०२१ मध्ये सौम्य ताप असलेल्यांनीही स्वतःहून एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी) करून "स्कोर" मिरवले. ती सवय अजून गेलेली नाही. छातीच्या सीटीत किरणांची मात्रा ५ ते ७ मिलिसीव्हर्ट, साध्या एक्स-रेत ०.१ किंवा त्याहून कमी. या वयाच्या स्त्रीला शेवटच्या पाळीची तारीख विचारा, मात्र गरज असेल तर गरोदरपणातही पोट झाकून साधा एक्स-रे काढता येतो. गरोदर बाईचा न्यूमोनिया एक्स-रेच्या भीतीने लांबवणं जास्त घातक.

रक्तपेशी

आता लॅबमधल्या गमतीजमती. गमती म्हणायच्या, पण निर्णय फिरतो.

सीआरपी, म्हणजे सूज-संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. ६ हा आकडा डेसिलिटरचा असेल तर तो ६० आहे. एकक न बघता "नॉर्मल" म्हणून सोडलेले अहवाल असतात. ब्रिटनमधली मार्गदर्शक रीत अशी: खोकल्याच्या रुग्णात तपासून न्यूमोनिया आहे की नाही हे ठरत नसेल तेव्हाच सीआरपी. २० च्या खाली अँटिबायोटिक नको, १०० च्या वर द्या, मधल्या पट्ट्यात चिठ्ठी देऊन ठेवा आणि बिघडलं तरच सुरू करा. पहिल्या दिवशी सीआरपी काढण्यात अर्थ नाही, ती चढायलाच वेळ घेते, शिखर साधारण दोन दिवसांनी. फ्लूतही ती ५० च्या पुढे जाऊ शकते.

युरिया. कर्ब-६५ मध्ये (न्यूमोनिया किती गंभीर हे ठरवणारी पाच गुणांची मोजपट्टी) युरियाची मर्यादा ७ मिलिमोल प्रति लिटर. आपल्या अहवालात ते ब्लड युरिया ४२ मिलिग्रॅम, किंवा बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन) साधारण २० मिलिग्रॅम. दोन्हींत २.१४ पटीचा फरक. ब्लड युरिया २६ असताना बीयूएनची रेघ लावून गुण दिला जातो, आणि उलटही होतं. बाकीचे गुण: गोंधळलेपण, श्वास ३० किंवा जास्त, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० पर्यंत, आणि वय ६५. तरुणाला वयाचा गुण मिळणारच नाही, त्यामुळे ही मोजपट्टी त्याला नेहमी सौम्य ठरवते. एक गुण आणि ऑक्सिजन ९०, एक्स-रेत दोन खंड भरलेले, अशा माणसाला गुण कमी म्हणून घरी धाडायचं नसतं.

थुंकी. सूक्ष्मदर्शकाच्या लहान भिंगाखाली एका क्षेत्रात २५ हून जास्त पांढऱ्या पेशी आणि १० हून कमी चपट्या पेशी असतील तर तो छातीतला बेडका. नाहीतर लाळ, आणि लाळेच्या कल्चरवर औषध ठरवू नये. हिरवा रंग पांढऱ्या पेशींतल्या विकराचा. विषाणूच्या संसर्गातही बेडका हिरवा होतो. "हिरवा आला, आता अँटिबायोटिक" हा समज डॉक्टरांतही पक्का आहे.

नाकाचा स्वॅब. काडी वर कपाळाकडे जात नाही, टाळ्याला समांतर, कानाच्या दिशेने जाते. खोली नाकपुडीपासून कानापर्यंतच्या अंतराच्या निम्मी. टेकली की काही सेकंद धरून फिरवा. नायलॉन किंवा डॅक्रॉनची काडी, लाकडी दांड्याची कापसाची नको. व्हीटीएमची (विषाणू जपणाऱ्या द्रवाची) नळी २ ते ८ अंशांत, ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत. फ्लूची जलद चाचणी दहा रुग्णांतले पाच ते सातच पकडते. साथ चालू असताना ती नकारार्थी आली म्हणून फ्लू नाही असं होत नाही.

कोकणकडा

महाराष्ट्रात पावसाळी ताप-खोकल्याला "श्वसनसंसर्ग" हे लेबल लावण्याआधी बाकीचे ताप आठवावे लागतात. पाठ्यपुस्तकाच्या त्या प्रकरणात ते नसतात.

कोकणात आणि मुंबईत पुराच्या किंवा भातखाचराच्या पाण्यात उतरलेला माणूस, एक-दोन आठवड्यांनी ताप, पोटऱ्या दाबल्या की ओरडतो, डोळे लाल पण चिपडं नाहीत: लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो. खोकल्यातून रक्त येऊ लागलं आणि हिमोग्लोबिन उतरलं तर फुप्फुसात रक्तस्राव, काही तासांत जीव जातो. लेप्टोची आयजीएम (प्रतिपिंडांची) चाचणी पाच-सहा दिवसांआधी नकारार्थी येते, म्हणून लवकरच्या दिवसांत तिच्यावर विसंबू नका. क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि प्लेटलेट एकत्र बघा.

विदर्भात स्क्रब टायफस, बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याचा मोठा उद्रेक झाला. खोकला, धाप, ताप, आणि अंगावर कुठेतरी न दुखणारी काळी खपली. ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली असते. शर्टावरून स्टेथोस्कोप लावणाऱ्याला कशी दिसणार? डॉक्सिसायक्लिन हे त्याचं औषध अहवालासाठी अडवू नये.

विदर्भ आणि नंदुरबारकडे आणखी एक: सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. ताप, छातीत दुखणं आणि एक्स-रेत नवा डाग म्हणजे न्यूमोनियाच असं नाही, तो सिकलसेलचा छातीतला झटका असतो आणि त्याला दाखल करून ऑक्सिजन, कधी रक्त द्यावं लागतं. घरात कोणाकडे सिकलसेल तपासणीचं (रेशनचं नव्हे) पिवळं कार्ड आहे का, लाल कार्ड आहे का, हा एकच प्रश्न खूप काही सांगून जातो.

मलेरियाचा स्मिअर आणि जलद चाचणी तर प्रत्येक पावसाळी तापाला. फॅल्सिपेरम या मलेरियाच्या गंभीर प्रकारात फुप्फुसात पाणी भरतं, आणि ते ताप उतरल्यावरही भरू शकतं.

खलबत्ता

मेडिकल काउंटरच्या बाजूने.

रुग्ण तुमच्याकडे पोचतो तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी आधीच गेलेलं असतं. रिकामी पाकिटं मागा. "पुडी" घेतली असेल तर तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइडची बारीक गोळी असते. तिने ताप दबतो, माणसाला हुशारी वाटते आणि पांढऱ्या पेशी वाढतात. मग सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बघून जिवाणूचा संसर्ग समजला जातो. १४ हजारांची मोजणी बघताना हे विचारायलाच हवं.

दुसरं, लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक. ही औषधं क्षयाच्या जंतूवरही चालतात. साध्या खोकल्याला पाच-सात दिवस दिली की क्षयाचा रुग्ण तात्पुरता सुधारतो, बेडका स्वच्छ येतो, निदान काही आठवड्यांनी पुढे जातं आणि प्रतिकारही तयार होऊ शकतो. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ ही कडक नोंदीच्या औषधांची सरकारी यादी लागू आहे, आणि ही दोन्ही तिच्यात आहेत. त्यातल्या औषधांची वेगळ्या वहीत डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या अशी नोंद करायची आणि वही तीन वर्षं जपायची. "मागच्या वेळची चिठ्ठी आहे" हे कारण चालत नाही.

सेफिक्सिम ही अँटिबायोटिक गोळी खोकल्याला सर्रास मागितली जाते. न्यूमोकॉकसवर ती दुबळी, स्टॅफिलोकॉकसवर जवळजवळ निरुपयोगी. आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन कुळातलं काहीही त्याला लागू पडत नाही. तीन दिवस अमॉक्सिक्लॅव घेऊन ताप तसाच आणि माणूस तसा ठीक, तर डोस वाढवायच्या आधी हे आठवा.

गवतीचहा

खलबत्ता यांना अनुमोदन. क्षयाची भर: दोन आठवडे किंवा जास्त खोकला म्हणजे थुंकी तपासणी, एक्स-रे कसाही असो. दोन नमुने, एक तिथल्या तिथे आणि एक सकाळी उठल्यावरचा. स्मिअर दिसायला मिलिलिटरमागे पाच-दहा हजार जंतू लागतात, सीबीनॅट आणि ट्रूनॅट या जंतूचा जनुकीय माग काढणाऱ्या चाचण्या त्याहून पुष्कळ कमी जंतूंवर पकडतात आणि रिफॅम्पिसिनचा प्रतिकारही सांगतात. ट्रूनॅट बनवणारी कंपनी गोव्याची आहे. यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही बसवता येतं.

दोन आठवड्यांवरच्या खोकल्याला दुसरं कारण डांग्या खोकला. मोठ्यांत "हूप" क्वचितच ऐकू येतो. उबळीमागून उबळ, शेवटी उलटी, दोन उबळींच्या मध्ये माणूस ठणठणीत. पीसीआर पहिल्या तीन आठवड्यांतच भरवशाची. घरात तान्हं बाळ आहे का हे विचारा, खरा धोका त्याला आहे.

वसतीनर्स

वसतिगृहाचं काम बघते. एकाच मजल्यावर ताप-खोकल्याचे ११ विद्यार्थी. सगळ्यांचे स्वॅब पाठवायचे का?

नाकासमोर

वसतीनर्स, आधी कागदावर तारखा मांडा, कोण कोणत्या दिवशी आजारी पडलं. दोन-तीन दिवसांत सगळे एकदम पडले तर फ्लू किंवा कोविड. तीन-चार आठवड्यांत एकेक जण ओघळत गेला तर मायकोप्लाझ्मा, त्याचा अधिशयनकाळच (संसर्गापासून आजार दिसेपर्यंतचा काळ) दोन-तीन आठवड्यांचा.

सगळ्यांचे स्वॅब नकोत. मजल्यावर काय चाललंय हे कळायला आजाराच्या पहिल्या तीन दिवसांतल्या दोघा-तिघांचे पुरतात. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, त्यानंतर केंद्र सरकारने ठरवलेले अ, ब, क गट इथे थेट वापरता येतात. अ: सौम्य ताप, खोकला, घसादुखी. चाचणी नाही, ऑसेल्टामिव्हिर (फ्लूचं औषध) नाही, २४ ते ४८ तासांनी पुन्हा बघणं. ब: जास्त ताप आणि घसा फार धरलेला, किंवा गरोदरपण, दमा, मधुमेह, हृदयरोग यांसारखी जोखीम. चाचणीशिवाय ऑसेल्टामिव्हिर देता येतं: ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी. क: धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीत रक्त, ओठ-नखं निळी. त्याला दाखल करायचं, चाचणी तिथे, आणि औषध अहवालाआधी.

तुमच्याकडे डॉक्टर रोज नसतील. प्रत्येक खोलीच्या नोंदीत सकाळ-संध्याकाळ चार आकडे लिहा: ताप आणि शेवटच्या गोळीची वेळ, नाडी, पूर्ण मिनिटभर मोजलेला श्वास, ऑक्सिजन. फ्लूत तिसरा ते पाचवा दिवस जपायचा.

वसतीनर्स

आणि रात्री डॉक्टरांना फोन कधी करायचा? मुलं "ठीक आहे" असंच म्हणतात.

गवतीचहा

ताई, "कसं वाटतंय" हे विचारूच नका. एका दमात वीसपर्यंत मोठ्याने मोजायला सांगा आणि मध्ये श्वास कुठे घ्यावा लागला ते लिहा. काल वीसपर्यंत गेलेला मुलगा आज दहाला थांबला तर फोन. बारा तासांत लघवी झालेली नसेल, पाणी पोटात टिकत नसेल, किंवा आज कोणता वार हे त्याला नीट सांगता येत नसेल तर फोन. उतरलेला ताप दोन दिवसांनी हुडहुडीसकट परत आला तर फोन. श्वास २४ च्या वर गेला तर पंधरा मिनिटांनी एकदा परत मोजा, तेव्हाही तेवढाच असेल तर फोन. ३० असेल, किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल, तर आधी गाडी बोलवा, फोन वाटेत करा. बसवूनच न्या, आडवं झोपवून नको.